हरितगृहातील टोमॅटो वाणांची निवड

हरितगृहातील टोमॅटो वाणांची निवड म्हणजे पॉलिहाऊस, शेडनेटगृह किंवा केवळ पावसापासून आडोसा देणारे प्लॅस्टिकचे छप्पर अशा संरक्षित रचनेत लागवड करण्यासाठी टोमॅटोचा योग्य वाण ठरविण्याची प्रक्रिया होय. ही निवड करताना झाडाच्या वाढीची सवय, उष्ण रात्री फळ धरण्याची क्षमता, रोगप्रतिकारशक्ती, माती व पाण्यातील क्षार, फळाचा प्रकार आणि जवळची बाजारपेठ या बाबींचा विचार केला जातो. हरितगृहामुळे पाऊस, तीव्र ऊन आणि काही प्रमाणात कीड यांना अडवता येते. परंतु नैसर्गिक वायुवीजन असलेल्या रचनेत रात्रीचे तापमान व हवेतील आर्द्रता बाहेरच्या हवेवरच अवलंबून राहते. त्यामुळे एका हवामानात भरघोस उत्पन्न देणारा वाण दुसऱ्या हवामानातील हरितगृहात अपयशी ठरू शकतो. महाराष्ट्रात हा फरक विशेषतः नाशिक-पुण्याचे पठार आणि मीरा-भाईंदरसारखा कोकणचा किनारा यांच्यात स्पष्टपणे दिसतो.

पार्श्वभूमी

टोमॅटो ही सोलॅनेसी कुलातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव सोलॅनम लायकोपर्सिकम असे आहे. वांगे, बटाटा व मिरची ही पिके याच कुलातील आहेत. टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वताच्या परिसरात असून पोर्तुगिजांमार्फत तो भारतात आला, असे मानले जाते. मराठीत त्याला वेलवांगे असेही नाव होते. विदर्भात आजही भेदरे हा शब्द वापरात आहे.

महाराष्ट्रातील टोमॅटोची बहुतांश लागवड खुल्या शेतात, तार व बांबूच्या आधाराने होते. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव आणि नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत या राज्यातील टोमॅटोच्या प्रमुख बाजारपेठा आहेत. मावळ भागातील पॉलिहाऊसमध्ये प्रामुख्याने गुलाब, जरबेरा यांसारखी फुले घेतली जातात. पॉलिहाऊसमधील भाज्यांमध्ये रंगीत ढोबळी मिरची अधिक प्रचलित आहे. संरक्षित शेतीचे प्रशिक्षण पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे दिले जाते. पॉलिहाऊस व शेडनेटगृहाच्या उभारणीसाठी केंद्र सरकारच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मंजूर खर्चाच्या ५० टक्के अनुदान मिळते. उरलेली गुंतवणूक शेतकऱ्याची स्वतःची किंवा कर्जाची असते आणि ती पिकाच्या उत्पन्नातूनच भरून निघावी लागते. एकूण खर्चात बियाण्याचा वाटा लहान असला, तरी चुकीच्या वाणामुळे संपूर्ण हंगामाचे भाडवल अडकते. म्हणूनच वाणनिवडीला महत्त्व आहे.

वाढीच्या सवयीनुसार प्रकार

टोमॅटोच्या वाणांचे वाढीच्या सवयीनुसार तीन प्रकार केले जातात.

अमर्यादित वाढीचे वाण: या वाणांचा शेंडा सतत वाढत राहतो आणि साधारणपणे दर तीन पानांनंतर फुलांचा एक घोस येतो. एक किंवा दोन फांद्या ठेवून बाकीची बगलफूट नियमित काढली जाते व झाड दोरीच्या आधाराने वरच्या तारेपर्यंत चढविले जाते. झाड तारेपर्यंत पोहोचले की दोरी सैल करून ते खाली उतरवतात. हवामान अनुकूल असल्यास सात ते नऊ महिने तोडणी चालू शकते. उंच पॉलिहाऊससाठी हाच प्रकार सर्वसाधारणपणे सुचविला जातो.

मर्यादित वाढीचे वाण: या वाणांत घोसांमधील पानांची संख्या कमी होत जाते आणि ठराविक उंचीनंतर शेंड्यावरच फुलांचा घोस येऊन वाढ थांबते. फळे थोड्या आठवड्यांत एकदम तोडणीस येतात. या सवयीस कारणीभूत असलेला जनुकीय बदल १९१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आढळला. पुढे खुल्या शेतातील आणि प्रक्रिया उद्योगासाठीच्या अनेक वाणांत त्याचा उपयोग करण्यात आला.

अर्धमर्यादित वाढीचे वाण: हे वरील दोहोंच्या मधले असून काही घोस अधिक देऊन थांबतात. कमी उंचीचे शेडनेटगृह आणि पाच-सहा महिन्यांचा हंगाम यांना ते सोयीचे पडतात.

वाढीची सवय आणि रचनेची उंची यांचा थेट संबंध आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसची मधली उंची साधारणतः ६ मीटरच्या आसपास असते. तेथे तार उंचावर बांधता येते. किनाऱ्यावर मात्र वादळी वाऱ्याचा विचार करून रचना बुटकी ठेवण्याकडे कल असतो. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनी कोकणपट्टीतील या धोक्याची जाणीव करून दिली. बुटक्या रचनेत अमर्यादित वाढीचा वाण लावल्यास पाने छताजवळच्या गरम हवेत दाटतात, मजुरी वाढते आणि रोगाचा प्रसार सोपा होतो.

तापमान आणि फळधारणा

टोमॅटोच्या फळधारणेसाठी रात्रीचे १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान अनुकूल मानले जाते. रात्री २१-२२ अंशांच्या वर जाऊ लागल्या, की परागकणांची निर्मिती व त्यांची फलनक्षमता घटते. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे गेल्यास फुलगळ वाढते. झाड हिरवेगार दिसते, फुलेही येतात, परंतु फळ धरत नाही. ३० अंशांहून अधिक तापमानात लायकोपिन या लाल रंगद्रव्याची निर्मितीही मंदावते आणि फळे पिवळसर-नारिंगी राहतात.

पुणे व नाशिक येथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीचे सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश, तर मे महिन्याचे सुमारे २७ अंश असते. म्हणजेच पठारावर थंडीत फळ फुगण्याचा वेग कमी होतो, तर किनाऱ्यावर फळधारणेस पोषक रात्री मुख्यत्वे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच मिळतात. दिवसा पॉलिहाऊसच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी अधिकच राहते. त्यामुळे किनाऱ्यावरील वाणनिवडीत उष्ण रात्रीही फळ धरण्याचा गुण हा पहिला निकष ठरतो. लहान फळांचे, विशेषतः चेरी प्रकारचे वाण उष्णतेत मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा सामान्यतः अधिक सातत्याने फळ धरतात.

परागीभवनाचाही यात भाग असतो. टोमॅटोचे फूल द्विलिंगी व स्वपरागित आहे. मात्र परागकोशातून पराग बाहेर पडण्यासाठी फूल हलावे लागते. खुल्या शेतात वारा आणि भुंग्यांसारख्या मधमाश्या हे काम करतात. बंद हरितगृहात युरोपमध्ये १९८७ पासून बंबल मधमाश्यांच्या पेट्या वापरल्या जाऊ लागल्या. भारतात सकाळच्या वेळी आधाराच्या तारा हलविणे, घोसाला कंपन देणे किंवा हवेचा झोत सोडणे या पद्धती वापरल्या जातात. परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाणही पैदासकारांनी विकसित केले आहेत.

रोगप्रतिकारशक्ती

बियाण्याच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात प्रतिकारशक्तीचा उल्लेख असतो. प्रतिकारशक्ती ही नेहमी एका विशिष्ट रोगापुरती, कधी रोगकारकाच्या विशिष्ट प्रकारापुरतीच असते. सर्व रोगांना प्रतिकारक असा वाण अस्तित्वात नाही. म्हणून त्या जागी कोणता रोग सर्वाधिक नुकसान करतो, हे आधी ठरवावे लागते.

जिवाणूजन्य मर: राल्स्टोनिया सोलॅनेसिॲरम या जमिनीतील जिवाणूमुळे होणारा हा रोग उष्ण, दमट हवामानात आणि आम्लधर्मी जमिनीत बळावतो. कोकण, गोवा व केरळ येथे तो महत्त्वाचा आहे. पाने पिवळी न पडताच झाड अचानक सुकते. बुंध्याचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यास काही मिनिटांत दुधासारखा पांढरा स्राव खाली उतरताना दिसतो; ही त्याची सोपी ओळख आहे. रोगग्रस्त झाड फवारणीने बरे होत नाही आणि जिवाणू जमिनीत दीर्घकाळ टिकतो. वांगी, मिरची किंवा टोमॅटो वारंवार घेतलेल्या वाडीत प्रतिकारक वाण किंवा कलमी रोप हाच व्यवहार्य उपाय असतो.

विषाणूजन्य रोग: पर्णगुच्छ किंवा लीफ कर्ल या रोगाचा प्रसार पांढरी माशी करते. त्याविरुद्ध जंगली टोमॅटोच्या प्रजातींतून घेतलेली टीवाय-१, टीवाय-२ व टीवाय-३ ही जनुके संकरित वाणांत वापरली जातात. टीवाय-२ हे एकटे जनुक विषाणूच्या सर्व प्रकारांविरुद्ध पुरेसे ठरत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व पुणे जिल्ह्यांतील टोमॅटोवर रंग असमान येण्याची विकृती पसरली आणि ती तिरंगा व्हायरस या नावाने ओळखली गेली. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत त्या नमुन्यांत काकडी मोझॅक विषाणूसह एकाहून अधिक विषाणू आढळले. लीफ कर्लला प्रतिकारक असलेला वाण अन्य विषाणूंना बळी पडू शकतो, हे त्या घटनेतून दिसले. हरितगृहाच्या बाजूंना ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी आणि दुहेरी दार असल्यास रोगवाहक कीटकांचा शिरकाव कमी होतो. परंतु जाळी जितकी बारीक, तितके वायुवीजन कमी होऊन आतील उष्णता वाढते.

सूत्रकृमी: मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्ध एमआय हे जनुक प्रभावी आहे. मात्र जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेल्यास त्याचा प्रभाव कमी होतो. त्यामुळे पाकिटावर प्रतिकारक असा उल्लेख असला, तरी किनाऱ्यावरील उन्हाळी पिकात त्यावर पूर्णतः विसंबता येत नाही.

बुरशीजन्य रोग: लवकर येणारा करपा उबदार हवेत, तर उशिरा येणारा करपा थंड व ओलसर हवेत वाढतो. पानांच्या खालच्या बाजूस तपकिरी-हिरवट बुरशी धरणारा पानावरील बुरशी रोग हा खास हरितगृहातील दमट हवेचा रोग आहे. फळावर तडे न जाणारे आणि पाने विरळ असलेले वाण दमट हवेत अधिक सुरक्षित ठरतात.

किडींपैकी टूटा ॲबसोल्यूटा या दक्षिण अमेरिकी नागअळीची भारतातील नोंद २०१४ साली महाराष्ट्रात झाली. तिच्याविरुद्ध वाणापेक्षा जाळी आणि कामगंध सापळे यांवरच भर द्यावा लागतो.

कलमी रोपे

वाणात हवे ते फळ आहे, पण मुळांना मररोग सोसत नाही, अशा वेळी त्या वाणाचे कलम प्रतिकारक खुंटावर केले जाते. तैवान येथील जागतिक भाजीपाला केंद्राने उष्ण व पावसाळी हंगामासाठी मररोग प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम सुचविले असून त्यासाठी ईजी-१९५ व ईजी-२०३ हे वांग्याचे वाण निवडले आहेत. वांग्याची मुळे काही काळ साचलेले पाणीही टोमॅटोच्या मुळांपेक्षा अधिक सहन करतात. खुंट स्वतः मररोग प्रतिकारक असणे आवश्यक आहे. कोणतेही स्थानिक वांगे चालत नाही.

कलमी रोप लावताना जोड जमिनीच्या वर ठेवावा लागतो. साध्या टोमॅटोचे रोप खोल लावण्याची पद्धत येथे अपायकारक ठरते. जोडाच्या वरच्या भागाला मुळे फुटून ती मातीत गेल्यास रोगाला थेट वाट मिळते. नारळाच्या काथ्याच्या भुशाने भरलेल्या पिशव्यांत लागवड केल्यास जमिनीतील रोगाचा प्रश्न बराच कमी होतो आणि वाण निवडताना फळाच्या गुणांना अधिक प्राधान्य देता येते.

क्षारता

टोमॅटो हे क्षारांना मध्यम संवेदनशील पीक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता २.५ डेसीसायमन प्रतिमीटरच्या पुढे गेली, की उत्पादन घटू लागते. त्यापुढील प्रत्येक एककास सुमारे १० टक्के घट होते. खारे पाणी मिळणाऱ्या झाडाची फळे लहान पण अधिक गोड होतात. मोठ्या फळांच्या वाणांत मात्र कॅल्शियम कमी पोहोचून फळाचे टोक काळे पडून सडते. चेरी प्रकारात हा दोष क्वचित दिसतो. म्हणून विहिरीचे पाणी मचूळ असल्यास मोठ्या फळांचा वाण टाळणे इष्ट मानले जाते.

फळाचा प्रकार आणि बाजार

मुंबई परिसरातील घाऊक बाजारात ८० ते १०० ग्रॅम वजनाच्या, घट्ट गराच्या, जाड सालीच्या आणि वाहतुकीत टिकणाऱ्या लाल फळाला मागणी असते. दूरच्या शेतातून येणाऱ्या मालासाठी टिकाऊपणा अपरिहार्य आहे. शहरालगतच्या हरितगृहाला ही अट शिथिल करता येते. झाडावर पिकलेले, पातळ सालीचे, आंबट-गोड फळ त्याच दिवशी ग्राहकापर्यंत पोहोचू शकते. चेरी टोमॅटोला दर अधिक मिळतो, परंतु तोडणीची मजुरी जास्त लागते आणि खरेदीदार प्रामुख्याने हॉटेले व मोठी दुकाने असल्याने मागणी आधी निश्चित करणे गरजेचे असते.

टोमॅटोच्या दरातील चढउतार तीव्र असतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये किरकोळ दर अनेक शहरांत किलोला १०० रुपयांच्या बऱ्याच वर गेले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कोसळले. एकदम तोडणीस येणारा मर्यादित वाढीचा वाण अशा घसरणीत पूर्ण सापडतो. दीर्घकाळ फळ देणाऱ्या वाणात ही जोखीम विभागली जाते.

सार्वजनिक संस्थांचे वाण

भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक व अर्का सम्राट हे संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना प्रतिकारक आहेत. अर्का रक्षकची फळे साधारण ९० ते १०० ग्रॅमची व घट्ट असतात. याच संस्थेच्या अर्का अभेद या वाणात उशिरा येणाऱ्या करप्याच्या प्रतिकाराचीही भर आहे. केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती व अनघा हे वाण जिवाणूजन्य मररोग सहन करतात; केरळचे हवामान व जमीन कोकणाशी मिळतीजुळती असल्याने ते येथील चाचणीस योग्य ठरतात.

पंतनगर येथील कृषी विद्यापीठाने पंत पॉलिहाऊस संकरित टोमॅटो-१ व पंत पॉलिहाऊस ब्रेड टोमॅटो-२, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पिवळ्या फळांचा पुसा गोल्डन चेरी टोमॅटो-२ हे वाण संरक्षित लागवडीसाठी दिले आहेत. त्यांची पैदास उत्तर भारतातील थंड हिवाळ्यात झाली असल्याने किनाऱ्यावर त्यांची आधी लहान प्रमाणावर चाचणी आवश्यक ठरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री व फुले राजा हे वाण मुख्यतः खुल्या शेतासाठी आहेत. खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांपैकी हिमसोना व हिमशिखर हे अमर्यादित वाढीचे वाण हिमाचल प्रदेशासारख्या थंड प्रदेशातील पॉलिहाऊसमध्ये प्रचलित आहेत. त्यांची तेथील कीर्ती किनाऱ्यावरील यशाची हमी देत नाही.

मीरा-भाईंदर परिसर

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे अरबी समुद्र आणि वसईची खाडी यांच्या सान्निध्यात वसलेले शहर आहे. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८,०९,३७८ होती. शहराच्या पश्चिमेस उत्तन, डोंगरी, पाली, चौक आणि राई, मुर्धे, मोर्वे ही जुनी गावे आहेत. खाडीलगत मिठागरे व खाजण जमीन आहे. पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कृषी संशोधनाच्या दृष्टीने हा भाग दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडतो.

या परिस्थितीत वरील निकष एकत्र लावल्यास पुढील क्रम निघतो.

१. रोपे ऑक्टोबरमध्ये तयार करून नोव्हेंबरच्या सुमारास लागवड केल्यास फळधारणा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंड रात्रींत होते. मार्चनंतर रात्री उष्ण झाल्यावर नवीन फळे कमी धरतात. त्यामुळे नऊ महिने वाढणाऱ्या वाणाचा मुख्य फायदा येथे मिळत नाही; अर्धमर्यादित वाढीचा वाण अधिक सयुक्तिक ठरतो.

२. जुन्या भाजीपाल्याच्या वाडीत जिवाणूजन्य मररोगाचा प्रतिकार ही किमान अट धरावी लागते. तसा वाण नसल्यास कलमी रोपे किंवा काथ्याच्या भुशातील लागवड हे पर्याय उरतात.

३. खाजणालगतच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याकडे अधिक खारे होत जाते. पाण्याची तपासणी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा फेब्रुवारीत करून, क्षार अधिक असल्यास चेरी किंवा लहान फळांचा वाण निवडणे हितावह असते.

४. चारही बाजूंनी बंद पॉलिहाऊसपेक्षा वर पारदर्शक प्लॅस्टिक आणि बाजूंना जाळी अशी हवेशीर रचना या हवामानास अधिक मानवते. पावसाळ्यात अशा छपराखाली पीक पावसापासून वाचते, परंतु ढगाळ हवेमुळे प्रकाश कमी पडून उत्पन्न घटते.

५. इमारतीच्या गच्चीवरील छोट्या शेडनेटमध्ये वजन व वारा यांचा विचार करून कुंडीत मावणारे मर्यादित वाढीचे किंवा चेरी प्रकारचे वाण लावले जातात.

बियाणे खरेदी आणि चाचणी

बियाणे अधिनियम, १९६६ नुसार प्रमाणित टोमॅटो बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. पाकिटावरील लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि वैधता तपासणे आवश्यक असते. पावती, रिकामे पाकीट व लेबल हंगाम संपेपर्यंत जपून ठेवल्यास, बियाण्यात दोष आढळल्यास कृषी विभागाकडे तक्रार करताना त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो. संकरित वाणाच्या फळातील बी पुढील वर्षी वापरल्यास झाडे एकसारखी निघत नाहीत. सरळ वाणाचे बी मात्र राखून ठेवता येते.

नवा वाण संपूर्ण हरितगृहात न लावता दोन-तीन वाणांच्या प्रत्येकी एक-दोन ओळी परिचित वाणाशेजारी लावणे ही निवडीची सर्वांत विश्वासार्ह पद्धत मानली जाते. प्रत्येक घोसात किती फुले आली व किती फळे धरली, पहिली व शेवटची तोडणी केव्हा झाली, किती झाडे मेली आणि विक्रीयोग्य फळांचे वजन किती भरले, एवढ्या नोंदी तुलनेसाठी पुरेशा असतात. एकूण उत्पन्नापेक्षा विक्रीयोग्य उत्पन्न आणि मार्चनंतरची फळधारणा हे दोन आकडे किनारी भागात वाणाची योग्यता अधिक नेमकेपणाने दाखवतात.